आधी वेडी लिहिलं, मग मनाची रोगी

जेठाने माझ्या मांडीवरची पोर उचलली आणि मी तोंडातून आवाज काढला नाही. पोर चार वर्षांची होती. तिने माझा पदर मुठीत धरला होता. जेठाने तिचं एकेक बोट सोडवलं आणि तिला घेऊन ते दाराशी जाऊन उभे राहिले. ती "माय, माय" करत होती. टेबलामागे डॉक्टरसाहेब बसले होते, शेजारी कारकून. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. मूल काढून घेतलं तरी हिला काही वाटत नाही."

मला काय वाटत होतं ते लिहीत बसत नाही. जिला मूल आहे तिने समजून घ्यावं. मी बोलले नाही याचं कारण साधं होतं. जेठ समोर होते. जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात सून जेठासमोर तोंड उघडत नाही. हनुवटीपर्यंत पदर ओढायचा आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायचं. लग्न होऊन धरणगावजवळच्या त्या गावात आले तेव्हापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मला काही सांगायचं असेल तर ते भिंतीला सांगत, "उद्या निंदाले जानं शे म्हना," आणि मी भिंतीचं ऐकल्यासारखं करून विळा शोधायला लागे. घर पेटलं असतं तरी मी आधी जेठाणीला शोधलं असतं, की तुमच्या माणसाला सांगा.

जळगावच्या त्या खोलीत डॉक्टरांनी मला तीन गोष्टी विचारल्या. तुझं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, तुला इथे का आणलं. डॉक्टर दूरच्या मुलखातले होते, मराठी तोडकंमोडकं बोलत. त्यांना आमची रीत माहीत नसेल. नवऱ्याचं नाव तर जेठ खोलीत नसते तरी मी घेतलं नसतं. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मेलेल्या नवऱ्याचंही नाही. कारकून मात्र आपल्याकडचाच होता. त्याच्या घरीही बायको त्याचं नाव घेत नसणार. तो एका शब्दाने बोलला नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नाही. त्याने लिहिलं, स्वतःचं व नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, बोलणाऱ्याकडे पाठ करते.

"काय लिहिलं, रावसाहेब?" जेठाने कारकुनाला विचारलं.

"वेडी."

"बरं झालं," जेठ म्हणाले, आणि पोरीला खांद्यावर टाकून बाहेर गेले.

हे तिथवर कसं आलं ते सांगते. तापाची साथ आली त्या साली माझा नवरा आणि मोठा मुलगा एका आठवड्यात गेले. त्यानंतर मी बोलणं कमी केलं. भाकरी थापायचे, निंदायला जायचे, गुरांना सरकी घालायचे, पण गप्पा मारायचे नाही. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधल्या वेळात मी आमच्या वाट्याच्या शेताच्या बांधावर जाऊन बसायचे. जेठ-जेठाणीला मूल नव्हतं. त्यांच्या मनात आलं की माझा पाट लावून द्यावा. विधवेचं दुसरं लग्न आमच्यात होतं, त्याला पाट म्हणतात. पण पाट लावलेली बाई पहिल्या नवऱ्याची मुलं बरोबर नेत नाही, ती भाऊबंदांत राहतात. म्हणजे मी यावलकडच्या एका केळीवाल्या म्हाताऱ्याच्या घरी आणि पोर जेठाच्या घरी. पोरीबरोबर आमचं शेतही.

मी जेठाणीकडून निरोप पाठवला, मला पाट लावायचा नाही. जेठाने भिंतीला सांगितलं की ठरलं आहे. एका सकाळी पाट जुळवणारा मध्यस्थ दारात आला. गूळ-खोबरं घेऊनच आला होता. मी घरातलं मुसळ उचललं आणि उंबऱ्यात उभी राहिले. तो हसत पुढे आला, म्हणाला, "अक्का, सरक बाजूले." मी मुसळ फिरवलं. पागोटं उडालं, डोकं राहिलं. गावाने दोन दिवस पागोट्याची गोष्ट सांगितली, मग जेठाने सांगायला सुरुवात केली की ही येडी झाली.

तो श्रावण होता. त्याच महिन्यात आमच्याकडे कानबाई देवी बसल्या. जेठाणीच्या अंगात दरसाल वारं यायचं, तसं आलं. तिने केस सोडले, दोन घागरी फोडल्या, भाऊबंदांतल्या म्हाताऱ्यांना अरेतुरे केलं, आणि सगळे भाऊबंद हात जोडून तिच्यापुढे नारळ ठेवत होते. मी कोपऱ्यात नैवेद्याच्या रोटाचं पीठ मळत होते. ती दिवसभर ओरडली ती देवी, मी गप्प राहिले ती येडी. हे मी त्या दिवशी मनात म्हटलं. आज लिहिते आहे. जेठाणीबद्दल माझ्या मनात काही नाही, तिलाही मनातलं वर्षातून एकदाच ओरडता येत होतं.

जळगावला लिहून झालं, पण ठेवायला तिथे जागा नव्हती. खानदेशाचे दोन जिल्हे झाले होते, तरी असल्या माणसांच्या खोल्या धुळ्यालाच होत्या. मला बैलगाडीतून धुळ्याला नेलं. रस्ता पारोळ्यावरून होता. पारोळा माझं माहेर. किल्ल्याच्या बाजूने गाडी गेली तेव्हा बाजारात माझ्या ओळखीचे लोक दिसले. मी पदर खाली ओढून बसले. गाडीबरोबरच्या शिपायाने विचारलं, "उतरायचं का पाणी प्यायला?" मी मान हलवली, नाही. येडी म्हणून माहेराला तोंड दाखवायचं नव्हतं.

धुळ्याला एका सरकारी आवाराच्या मागच्या बाजूला बायकांच्या खोल्या होत्या. मारहाण मी पाहिली नाही. कुलूप पाहिलं. सकाळी अंगणात सोडायचे, संध्याकाळी आत. मी बोलायला लागले ती तिथेच. जेठ नव्हते ना. दळण मागून घेतलं, कारण रिकामे हात मला सोसत नाहीत.

तिथे दोन बायकांशी माझं जमलं. एक तेलीण होती. ती खरी आजारी होती. तिला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची, आणि मग ती अंगावरचं फाडायची. ते गेलं की चारचौघींसारखी असायची, उवा काढून द्यायची, मीठ कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडायची. दुसरी सातपुड्याच्या पायथ्याची एक म्हातारी. तिची भाषा कोणाला येत नव्हती. यावलच्या बाजारात ती रडत-ओरडत फिरत होती म्हणून पोलिसांनी धरली. मी तिच्याशेजारी दळायला बसायचे. हळूहळू तिचे थोडे शब्द मला कळायला लागले. चारोळ्या विकायला आली होती, मुलगा बाजारात चुकला, एवढंच ती ओरडत होती. मी पहाऱ्यावरच्या बाईला हे सांगितलं. ती म्हणाली, "व्हय माय, येडीनं येडीले समजस." आणि हसली. मीही हसले, कारण ती चांगल्या मनाने म्हणाली होती. पण म्हातारीचं काम काही झालं नाही.

मी आत असताना शेतात दोनदा कापूस फुटला. पारोळ्याहून भाऊ दोनदा भेटून गेला. पोर बरी आहे एवढं सांगायचा. एकदा म्हणाला, "जेठाणीले माय म्हनस ती आते." मी त्याला म्हटलं, हे सांगायला एवढ्या लांब आलास होय.

मग एक दिवस रंगारी आला. शिडी लावून त्याने दारावरच्या पाटीवर पांढरा रंग मारला. जुनी अक्षरं होती, वेड्यांच्या खोल्या. ती बुजली. दुपारी नवी अक्षरं काढली. आम्ही सगळ्या खाली उभ्या राहून बघत होतो. त्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. माहेरी चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं. मी मोठ्याने वाचलं, "मनाच्या रोग्यांचे इस्पितळ."

तिथला मोठा कारकून बाहेर आला आणि त्याने आम्हाला ओळीत बसवलं. "ऐका गं. कायद्यात बदल झाला आहे. सरकारने वेडा हा शब्द काढून टाकला. आजपासून तुमच्यात कोणी वेडी नाही. तुम्ही मनाच्या रोगी."

तेलीण म्हणाली, "मंग कुलूप?"

"कुलूप राहील."

"तेच का नवं?"

"तेच."

सगळ्या हसल्या. कारकूनही हसला. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावरची बाई, जी रोज "ए येडीस्वन, जेवाले चला" म्हणून हाक मारायची, तिने हाक मारली, "ए रोगीस्वन, जेवाले चला." भाकरी तीच होती, करपलेली.

मला त्या पाटीचा राग आला. पण खोटं कशाला लिहू, तेलिणीला तसं वाटलं नाही. ती मला हाताला धरून दारापाशी घेऊन गेली आणि म्हणाली, परत वाच. मी वाचलं. ती म्हणाली, "ताप येस, खोकला येस, तसंच हाई बी. मन्हा घरना लोकेसले सांगाले पाहिजे." तिच्या घरचे कधी आलेच नव्हते. तरी त्या शब्दाने तिला जरा हलकं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी रोगी नव्हते, म्हणून मला तो चालत नव्हता. ती होती, म्हणून तिला चालला. माझा झगडा शब्दाशी नव्हता. मी त्यात बसत नसताना मला त्यात कोंबलं, याच्याशी होता.

त्या बदलाचा मला एक उपयोग झाला. नव्या नावाखाली सगळ्यांना पुन्हा लिहायचं होतं, म्हणून प्रत्येकीला पुन्हा तपासायचं ठरलं. नवे डॉक्टरसाहेब आले. ते मराठी होते, चष्मा लावायचे. घरच्या माणसांना बोलावणी गेली. पोरीचा ताबा कोणाकडे हेही ठरवायचं होतं, म्हणून जेठांना पोरीला घेऊन यायला सांगितलं होतं.

माझी पाळी आली. खोलीत साहेब, तोच मोठा कारकून, जेठ, जेठाणी, गावचे दोन भाऊबंद. मी सवयीने पदर ओढला आणि पाठ करून उभी राहिले. पदराच्या कडेतून पोर दिसली. चांगली उंच झाली होती. माझ्याकडे बघून ती जेठांच्या धोतरामागे लपली. मला तिने ओळखलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

जेठ खाकरले. त्यांना माहीत होतं मी गप्प राहणार. मलाही माहीत होतं. जळगावला अशीच गप्प राहिले होते आणि मला कुलपात घातलं होतं. रीत मी पाळली होती, आणि माझी पोर त्यांच्या धोतराला धरून उभी होती. मी वळले. पदर मागे सारून डोक्यावर घेतला. जेठांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. त्यांच्या मिशा पिकल्या होत्या, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग मी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. त्याच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं, वर्गात हजेरी देतात तसं. मग म्हटलं, "आणि हे उभे आहेत ते माझे जेठ," आणि त्यांचंही नाव घेतलं. मग पोरीचं, आणि तिच्या मेलेल्या भावाचं.

भाऊबंदांपैकी एकाने कानांवर हात ठेवले. जेठाणीने तोंडात पदर कोंबला. जेठ ओरडले, "साहेब, देखा! नवरानं नाव लेस! मन्हं बी लेस, मन्हा तोंडवर! आते तरी लिखा, येडीच शे!"

साहेबांनी चष्मा काढला. "थांबा, नाना. जळगावला हिने नाव घेतलं नाही म्हणून वेडी लिहिलं. आज घेतलं म्हणून वेडी लिहायचं. मग शहाण्या बाईने करायचं काय?"

"शहानी बाई आठे येसच कसाले?" जेठ म्हणाले.

कारकून खाली मान घालून हसला. मी म्हटलं, "मी आले नाही. मला आणलं. कोणी आणलं ते यांनाच विचारा."

"मध्यस्थाला मुसळ का मारलंस?" साहेबांनी विचारलं.

"पाट माझा लावायला आला होता. मुसळ घरात होतं. विळाही होता, तो मी घेतला नाही."

साहेबांनी ते कारकुनाला लिहून घ्यायला लावलं. मग आजचा वार, बी कधी पेरतात, कापसाला भाव कुठे चांगला मिळतो, असं काहीबाही विचारलं. मी सांगितलं. जेठही मध्येच म्हणाले, "धरणगावले नही, आते जळगावले भाव जास्त शे," आणि मग आपण कशाला बोललो म्हणून गप्प झाले.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. मनाची रोगी होती, बरी झाली. सोडावी. मूल आईकडे."

मी म्हटलं, "मी बरी झाले नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जेठांना वाटलं, आता बुडते. मी म्हटलं, "आजारी नव्हतेच, तर बरी कशी होईन? नव्हती असं लिहा."

साहेबांनी मला खुर्चीजवळ बोलावलं. आवाज खाली करून म्हणाले, "बाई, रोगी बरा होतो आणि सुटतो. तेवढं मला आज लिहिता येतं. तू रोगी नव्हतीस असं लिहायचं तर आधीचं चूक ठरवावं लागेल. कागद जळगावला जातील, ज्यांनी पाठवलं त्यांना विचारतील, तारखा पडतील. तोवर तू इथेच."

"आणि पोर?"

"तोवर तुझ्या जेठांकडे."

मी पोरीकडे पाहिलं. ती जेठाणीच्या कानात काहीतरी विचारत होती. ही बाई कोण, असंच विचारत असणार. अजून एक कापूस इथे काढला तर ती मला कायमची ही बाई म्हणणार होती.

"लिहा मग काय लिहायचं ते," मी म्हटलं. "शब्द तुमचा ठेवा. पोर माझी द्या."

कारकुनाने अंगठ्याची शाई पुढे केली. मी ती बाजूला सारली आणि टाक मागून घेतला. सही केली. तिथे लिहिलं होतं ते मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

पोर माझ्याकडे यायला तयार नव्हती. जेठाणीला घट्ट धरून रडायला लागली. मी तिची बोटं सोडवली नाहीत. खाली बसून राहिले. शेवटी जेठाणीनेच तिला माझ्या मांडीवर ठेवलं. डोळे पुसत म्हणाली, "पारोळावाली, तिले दूधमा भाकर कुस्करीसन दे. तशीच खास." आमच्यात सुनेला माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात. मी म्हटलं, "देईन." तिचंही त्या दिवशी मूल गेलंच होतं. पण ते माझं होतं.

लोकांना वाटलं मी माहेरी जाईन. मी सासरच्या गावालाच गेले. आमच्या वाट्याचं शेत तिथे होतं. भावाने दोन हंगाम येऊन पेरणी करून दिली, पुढे मी केली. जेठांची पंचाईत झाली. त्यांचं नाव एकदा घेतल्यावर मी त्यांच्यासमोर पदर ओढायचं सोडलं. भिंतीला काही सांगायला लागले की मी सरळ त्यांनाच विचारायचे, "जेठजी, बांध कोणाचा फुटला, तुमचा की माझा?" काही महिने ते उत्तर न देता निघून जात. मग एकदा पाऊस आडवातिडवा झाला, बांध खरंच फुटला, आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं. "मन्हा," ते म्हणाले. आमचं पहिलं बोलणं ते.

गावातली पोरं मागे यायची, "येडी, येडी." मी थांबून सांगायचे, "येडी नाही रे, मनाची रोगी म्हण. सरकारचा हुकूम शे." एवढा लांब शब्द ओरडत पळता येत नाही. त्यांनी सोडून दिलं. मोठ्यांनी नाही सोडलं. पाणवठ्यावर मी गेले की बायकांचं बोलणं थांबायचं. जेठ चिडले की म्हणायचे, "बरी व्हयनी असं लिखेल शे, म्हंजे आधी व्हतीच ना." त्या दिवशी सही केली त्याची ही किंमत, ती मी दिली.

पोरीला पाहायला लोक आले तेव्हा मुलाच्या बापाने चहा पिताना विचारलंच, "पोरीनी माय येडी व्हती म्हने?"

मी म्हटलं, "आबा, होते असं लिहिलं आहे. आधी वेडी लिहिलं, मग मनाची रोगी, मग बरी झाली. मी तिन्ही वेळा हीच होते, तुम्हाला चहा दिला ती. मुलगी बघायची असेल तर बोलावते. कागद बघायचे असतील तर धुळ्याला जा."

त्यांनी कप खाली ठेवला. मुलगा म्हणाला, "मुलगी बोलवा." लग्न झालं. तो जावई अजून मला घाबरतो, त्याला हरकत नाही.

तेलिणीला पुढे तिचा दीर घेऊन गेला असं ऐकलं, खरं-खोटं माहीत नाही. म्हातारीसाठी मी भावाला यावलच्या बाजारात दोनदा पाठवलं, तिच्या मुलाचा पत्ता लागला नाही. ती त्या खोल्यांतच गेली, पटकीच्या साथीत. तिला शेवटी काय लिहिलं होतं ते मला कोणी सांगितलं नाही. जळगावचे डॉक्टर बदलून गेले. चष्म्याचे साहेबही बदलून गेले. जेठ कापसाच्या गाडीवरून पडून गेले, त्यांच्यामागे जेठाणी माझ्याकडे राहिली आणि माझ्या हातचं पाणी पिऊन गेली. इंग्रज गेले त्या साली, मी नवऱ्याचं नाव घेतलं त्या दिवशीच्या खोलीतली दोनच माणसं मला माहीत होती जी जिवंत होती. एक मी आणि दुसरी माझी पोर.